कॉलेजच्या गावात शूटिंग यावे म्हणून : वाचकांचे प्रश्न

मेणवलीच्या घाटावर चित्रीकरणाचा एक दिवस कसा जातो, याविषयी मागे एका अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कॉलेजांच्या गावांतून आलेली आहेत. विद्यार्थी आले की गजबजणारी आणि परीक्षा संपल्या की सुनी पडणारी ही गावे चित्रपट आणि मालिकांच्या कामातून सावरू शकतील का, हा त्या सर्व पत्रांमागचा प्रश्न आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कराडजवळच्या विद्यानगर भागात मी १४ वर्षे मेस चालवते. आमच्याकडे खोल्या, मेस, झेरॉक्स, वडापावच्या गाड्या, सगळे विद्यार्थ्यांवर चालते. परीक्षा संपल्या की नवीन प्रवेश होईपर्यंत ताटे उपडी पडून राहतात आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांना दोन महिने काम देता येत नाही. वाईला इतकी वर्षे शूटिंग येते, मग तिथून ८०-९० किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावाला का येत नाही? आणि यावे म्हणून कोणी, काय करायला हवे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. निर्मिती व्यवस्थापनाच्या कामात माझी २२ वर्षे गेली आणि या काळात ज्या ज्या गावात युनिट, म्हणजे कलाकार-तंत्रज्ञांचा ताफा, घेऊन उतरलो, त्या गावात माझी पहिली ओळख मेसवाल्यांशीच झाली. त्यामुळे उपड्या पडलेल्या ताटांचा अर्थ मला कळतो.

आधी वाईविषयी. वाईला शूटिंग येते ते केवळ घाट सुंदर आहेत म्हणून नव्हे. कृष्णेचे घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, धोमचे जलाशय आणि भोवतालची खेडी तिथे एकमेकांच्या हाताशी आहेत. पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणीत मोठ्या कलाकारांना उतरवण्यासारखी हॉटेले आहेत. आणि पुणे साधारण ९० किलोमीटरवर असल्याने सकाळी एखादी लेन्स बिघडली तर दुसरी दुपारपर्यंत हातात पडते. याच परिसरात ‘गंगाजल’साठी बिहार उभा राहिला आणि ‘स्वदेस’साठी मेणवलीचे चरणपूर झाले. अशी कामे होत गेली तसतशी तिथली माणसे तयार होत गेली. संध्याकाळी निरोप दिला तर दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडी, जुनी भांडी आणि धोतर-पागोट्यातली ४० माणसे घाटावर कशी उभी करायची, हे जाणणारे लोक तिथे आहेत. पहिले युनिट जागा पाहून आले असेल, पण दहावे युनिट या माणसांच्या भरवशावर आले.

म्हणून कराडने वाईशी घाटावरून स्पर्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कितीही देखणा असला, तरी नदीकाठ हवा असलेला दिग्दर्शक आधी वाईलाच जाईल, कारण ती वाट त्याला पाठ आहे. तुमच्याकडे जे आहे, ते वाईकडे तेवढ्या प्रमाणात नाही : एकमेकांना लागून असलेल्या कॉलेजांच्या इमारती, वसतिगृहे, प्रयोगशाळा, ग्रंथालये, मैदाने आणि सभागृहे. कॉलेजच्या इमारतीत फक्त कॉलेजच दाखवता येते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लांब व्हरांडा असलेली दगडी इमारत एका दिवसात कोर्ट होते, प्रयोगशाळेचे सरकारी दवाखान्यात रूपांतर होते आणि वसतिगृहाचा एक मजला पोलीस लाइन म्हणून चालतो. ‘थ्री इडियट्स’मधले इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे बंगळूरची व्यवस्थापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेची इमारत हिंदी चित्रपटांत अनेकदा कॉलेज म्हणून उभी राहिली आहे. मुंबई-पुण्यात चालू कॉलेज चित्रीकरणासाठी सलग ८-१० दिवस मिळणे फार अवघड असते. ते मिळाले, तर निर्माता वाईच्या पुढे कराडपर्यंत यायला तयार होतो.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्याची सुटी पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबतात आणि मे महिन्यात प्रवेश परीक्षांची केंद्रे याच इमारतींत असतात. त्यामुळे ‘सुटीत या, सगळे मोकळेच असते’ असे सांगून चालणार नाही. कोणती इमारत, कोणता मजला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रिकामा आहे, याचे एक संयुक्त वेळापत्रक सर्व कॉलेजांनी मिळून फेब्रुवारीतच तयार केले, तर ते तुमच्या गावाचे सर्वांत मोठे भांडवल ठरेल. मला अशा वेळापत्रकाची गरज किती वेळा पडली आणि ते एकदाही कुठे मिळाले नाही, हे मी अनुभवाने सांगतो आहे.

त्या वेळापत्रकाबरोबर जागांची एक फाइल हवी. रेकीला, म्हणजे चित्रीकरणाआधी जागा पाहायला, येणाऱ्या माणसाला कॉलेजच्या माहितीपत्रकातले रोषणाई केलेले फोटो उपयोगाचे नसतात. एकाच व्हरांड्याचे सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजताचे फोटो त्याला हवे असतात, म्हणजे ऊन कुठून कुठे सरकते ते कळते. विजेचा भार किती घेता येईल, जनरेटर व्हॅन आवाज ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर कुठे उभी राहील, १५ गाड्या कुठे लागतील, शंभर माणसांना पुरतील एवढी स्वच्छतागृहे आहेत का, हे त्याला विचारायचे असते. आणि चावी कोणाकडे आहे, हेही. एका गावात आमचे सगळे युनिट, मेकअप करून बसलेल्या कलाकारांसह, प्रयोगशाळेच्या दारात दीड तास थांबले होते, कारण ज्या शिपाईमामांकडे चावी होती ते लग्नासाठी परगावी गेले होते. दोष त्यांचा नव्हता, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या दीड तासाचा खर्च मात्र निर्मात्याच्या कायम लक्षात राहिला आणि आमचे पुढचे वेळापत्रक दुसऱ्या गावात लागले.

ऊस गळीत हंगामाचाही विचार करावा. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या रस्त्यांवरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून रात्रंदिवस जात असतात. आजकाल बहुतेक ठिकाणी संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित होतात. रस्त्यालगतची इमारत त्या काळात दाखवू नये, आतल्या बाजूची दाखवावी.

आता आपल्या मेसविषयी. बाहेरगावच्या चित्रीकरणात मुंबईहून आणलेल्या प्रत्येक माणसामागे मजुरीशिवाय प्रवास, खोली आणि रोजचा भत्ता असा खर्च असतो. जे काम गावातला माणूस करू शकतो त्यात हे तिन्ही खर्च वाचतात, आणि तेवढ्याच कारणासाठी निर्माता स्थानिक माणूस शोधत असतो. जेवण हे त्यांतले पहिले काम. मात्र युनिटच्या जेवणाची रीत मेसपेक्षा वेगळी आहे. कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, सकाळी ७ चा असला, तर लाइटमन आणि सेटिंगची माणसे ६ वाजताच आलेली असतात आणि त्यांना तेव्हाच गरम पोहे, उपमा किंवा इडली हवी असते. जेवणाची वेळ कागदावर १ ची असली तरी एखादा शॉट अडला की २ होतात, आणि तरीही भाकरी गार झालेली चालत नाही. शाकाहारी आणि मांसाहारी भांडी वेगळी लागतात, दिवसभर चहा चालू राहतो, आणि पॅकअप, म्हणजे दिवसाचे काम आवरणे, लांबले तर रात्री ९ वाजता अचानक ६० जणांचे जेवण वाढते. ज्या बाईंनी रोज दीडशे विद्यार्थ्यांची ताटे वाढली आहेत, त्यांना हे जड नाही. अन्न परवाना, जीएसटी लागू होत असल्यास त्याचा क्रमांक आणि रोजच्या ताटांच्या मोजणीवर प्रॉडक्शनच्या माणसाची सही, एवढे तीन कागद सांभाळावेत. सही रोजची रोज घ्यावी. शेवटच्या दिवशी युनिट निघण्याच्या घाईत असते आणि ताटांच्या संख्येवरून वाद होतात, ते मी स्वतः पाहिले आहेत.

शेवटी, चित्रपटापेक्षा मालिकेकडे जास्त लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. चित्रपटाचे युनिट २०-२५ दिवसांत निघून जाते. मालिका जमली तर दोन-दोन वर्षे मुक्काम करते, घर भाड्याने घेते, रोज दूध आणि भाजी घेते, गावातल्या मुलांना छोट्या भूमिकांत उभे करते. साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या आसपास चित्रित झालेल्या मराठी मालिकांनी हे दाखवून दिले आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबवावे लागले, तेव्हा अनेक मालिका गोव्यात गेल्या आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या रद्द केल्या. मालिकेला रोजचा भाग द्यावाच लागतो, त्यामुळे राहण्याची, जेवणाची आणि चित्रीकरणाची सोय एकाच आवारात असलेली जागा तिला किती मोलाची असते, हे त्या दिवसांत सर्वांना कळले. रिकामे वसतिगृह ही नेमकी तशी जागा आहे.

प्रश्न : मी एका शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापनात आहे. आमच्या इमारतीत पूर्वी एकदा चित्रीकरण झाले. त्यांनी व्हरांड्याच्या भिंती पिवळ्या रंगवल्या आणि तशाच सोडून गेले. दगडी पायऱ्यांवर कॅमेऱ्याच्या ट्रॉलीच्या रुळांचे ओरखडे अजून आहेत. संचालक मंडळ आता परवानगी देण्यास तयार नाही. पुन्हा परवानगी द्यायची झाल्यास कोणत्या अटी घालाव्यात?

उत्तर : संचालक मंडळाची नाराजी योग्य आहे. मीही एका जुन्या शाळेची भिंत मळकी दिसावी म्हणून रंगवून घेतली होती आणि पूर्ववत करण्याचे काम ज्याच्यावर सोपवले, त्याने ते केले नाही. वर्षभराने त्या शाळेत गेलो, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी काही न बोलता मला त्या भिंतीपाशी नेऊन उभे केले. त्यानंतर प्रत्येक जागा सोडताना मी स्वतः शेवटी निघतो.

करार लेखी असावा आणि तो लोकेशन मॅनेजरशी नव्हे, निर्मिती संस्थेशी असावा. चित्रीकरणाआधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत आणि ते कराराला जोडावेत. अनामत रक्कम भाड्यापेक्षा वेगळी ठेवावी आणि जागा पूर्ववत झाल्याची पाहणी केल्यावरच परत करावी. सेट उभारण्याचे आणि काढण्याचे दिवसही भाड्यात धरावेत, कारण खरे नुकसान बहुधा त्याच दिवशी होते. दगडी फरशीवर रूळ टाकायचे असतील तर खाली प्लायवुड घालण्याची अट असावी. भाडे धनादेशाने किंवा बँकेतून थेट संस्थेच्या खात्यात यावे, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात येऊ नये. आपली संस्था धर्मादाय न्यास असेल, तर अशा उत्पन्नाचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो आणि आयकराच्या सवलतीवर त्याचा परिणाम काय होतो, हे सनदी लेखापालांना करारापूर्वीच विचारावे.

भाड्याबरोबर आणखी एक गोष्ट मागावी, आणि ती माझ्या दृष्टीने भाड्याहून मोठी आहे. कलाशाखेचे, वाणिज्यचे किंवा स्थापत्याचे दहा विद्यार्थी कला विभाग, हिशेब, वेशभूषा आणि ध्वनी या विभागांत मानधनावर सहायक म्हणून घ्यावेत, असे करारात लिहून घ्यावे. पुढच्या युनिटला हे दहा जण गावातच तयार मिळतील.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्या गावात एका मालिकेसाठी मुले-मुली हवी आहेत, असे सांगून एका कोऑर्डिनेटरने प्रत्येकी २,००० रुपये नोंदणी आणि फोटोंसाठी मागितले आहेत. मैत्रिणींनी भरले. मी भरावेत का?

उत्तर : भरू नका. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. खरा कोऑर्डिनेटर मोबाइलवर काढलेले साधे फोटो, वय आणि उंची एवढेच मागतो. निर्मिती संस्थेचे नाव, चित्रीकरणाची जागा आणि दिवसाची मजुरी लेखी विचारा. उत्तर टाळले गेले, तर तिथेच थांबा आणि मैत्रिणींना पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला सांगा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

गर्दीत उभे राहण्याचेही पैसे असतात, हेही लक्षात ठेवा. ‘पडद्यावर दिसाल’ असे सांगून विद्यार्थ्यांना दिवसभर उन्हात फुकट उभे करण्याची जुनी खोड आमच्या धंद्यात आहे आणि ती मला मनापासून खटकते. सेट हेही कामाचे ठिकाण आहे. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागू आहे आणि संस्थेची अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. रात्री उशिरा पॅकअप झाले, तर घरी पोहोचवण्याची गाडी कोण देणार, हे सकाळीच विचारावे.

प्रश्न : आमच्या शहरात पाच-सहा कॉलेजे आहेत. नगरपालिकेच्या मालकीची मोठी जागा पडून आहे. तिथे स्टुडिओ बांधला तर निर्माते येतील, असा प्रस्ताव काही सदस्यांनी मांडला आहे. सरकारकडून भरघोस अनुदान आणावे, असेही म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : माझे मत स्टुडिओच्या विरुद्ध आहे, निदान सुरुवातीला. त्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे. बाबूराव पेंटर यांनी तिथे १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कॅमेरासुद्धा गावातच बनवला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये तिथेच ‘प्रभात’ सुरू केली. कारागीर, चित्रकार, नट, सगळे कोल्हापुरात होते, तरीही १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली आणि तिच्या त्या आवारात पुढे राष्ट्रीय चित्रपट शिक्षणसंस्था उभी राहिली. स्टुडिओ व्यवहार पाहतो आणि जिथे सोयीचे असेल तिथे जातो. पुढे कोल्हापूरजवळ मोरेवाडीला सरकारने चित्रनगरी उभारली, तीही अनेक वर्षे ओस होती. डागडुजी होऊन नवे सेट उभे राहिले तेव्हा तिथे पुन्हा चित्रीकरणे होऊ लागली, आणि तीही भोवती कोल्हापूरची माणसे टिकून होती म्हणून.

अनुदानाबाबत अमेरिकेतली दोन राज्ये पाहण्यासारखी आहेत. मिशिगनने २००८ मध्ये चित्रीकरणाच्या खर्चावर ४२ टक्क्यांपर्यंत करसवलत जाहीर केली. विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावासह तिथे युनिटांची रीघ लागली. पण सवलत इतकी मोठी होती की राज्याच्या तिजोरीला ती झेपेना. काही वर्षांत तिच्यावर मर्यादा आली आणि २०१५ मध्ये योजनाच बंद झाली. सवलत गेली आणि युनिटेही गेली. जॉर्जियानेही २००८ मध्येच २० टक्के आणि राज्याचे बोधचिन्ह दाखवल्यास आणखी १० टक्के अशी सवलत दिली, ती टिकवली, आणि २०१५ मध्ये तंत्रज्ञ घडवण्यासाठी कॉलेजांशी जोडलेली अकादमी काढली. जॉर्जिया विद्यापीठाच्या अथेन्स गावात आज स्टुडिओ आहे आणि विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे काम शिकतात. जॉर्जियाच्या सवलतीवरही खर्चाच्या मानाने राज्याला काय मिळते, अशी टीका होतेच, आणि ती गंभीरपणे घ्यावी अशी आहे. फरक एवढाच की तिथे पैशाबरोबर माणसे घडवली गेली आणि त्यांच्यामुळे काम टिकून राहिले.

नगरपालिकेच्या आवाक्यातले काम वेगळे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. एक जबाबदार अधिकारी नेमावा, ज्याच्याकडे अर्ज आल्यावर पालिका, पोलीस, वाहतूक आणि अग्निशमन यांच्या परवानग्या ठरलेल्या दिवसांत मिळतील. राज्य पातळीवर गोरेगावच्या चित्रनगरीचे महामंडळ एक खिडकी पद्धत चालवते. तिच्याशी हा अधिकारी जोडलेला असावा. सार्वजनिक जागांचे दर लिहून फलकावर लावावेत, म्हणजे दर माणूस पाहून बदलणार नाहीत. त्या दरातून आलेल्या पैशाचा ठरावीक भाग ज्या वॉर्डात चित्रीकरण झाले त्याच वॉर्डात खर्च व्हावा, म्हणजे रस्ता अडल्याने ज्याची गिऱ्हाइके गेली त्या दुकानदाराला त्याचा उपयोग दिसेल. आणि आपल्या पाच-सहा कॉलेजांपैकी एकाने तरी निर्मिती व्यवस्थापन, प्रकाशयोजनेचे वीजकाम आणि ध्वनी यांचा सहा महिन्यांचा व्यावहारिक अभ्यासक्रम सुरू करावा. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रिशियन मुलाला लाइटमनचे काम शिकायला वेळ लागत नाही. पडून असलेली जागा तोपर्यंत युनिटच्या गाड्या लावायला द्यावी.

प्रश्न : आमच्या वस्तीवर एका चित्रपटासाठी बैलजोडी आणि सात-आठ वर्षांची चार मुले मागितली आहेत. आम्ही होकार दिला आहे. काही कागदपत्रे लागतात का?

उत्तर : लागतात आणि ती आणण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे, तुमची नाही. बैल कॅमेऱ्यासमोर आणायचे असतील, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वी घ्यावी लागते. मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि त्याच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. दोन्ही परवानग्यांच्या प्रती चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी मागून घ्याव्यात. मुलांबरोबर घरातले एक मोठे माणूस दिवसभर सेटवर राहील, हेही आधीच सांगून ठेवावे, आणि बैलांच्या पाण्यासाठी सावलीची जागा कुठे आहे ते रेकीला आलेल्या माणसाला स्वतः नेऊन दाखवावे.